ताडपत्री कुठली घ्यायची ते नंतर, आधी गाठी कशावर ठेवताय ते सांगा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पवन मावळात, घरी चार म्हशी, शेड बांधायला सध्या पैसा नाही, आणि भाताच्या पेंढ्याच्या नि गव्हाच्या काडाच्या मिळून २५० एक चौकोनी गाठी उघड्यावर रचून पावसाळा काढायचाय. मागच्या वर्षी निळी ताडपत्री चारी बाजूंनी पार जमिनीपर्यंत ओढून, कडेनं दगड ठेवून घट्ट बांधली होती. गौरी-गणपतीत उघडलं तर खालचे दोन थर काळे पडलेले, आणि सगळ्यात वरच्या थरालाही पांढरी बुरशी, ताडपत्री मात्र कुठंच फाटलेली नव्हती. आता तुम्ही विचारताय की यंदा कुठली जाड ताडपत्री घेऊ आणि गाठींखाली प्लास्टिकचा कागद अंथरू का.

ताडपत्री फाटली नव्हती हे लिहिलंत ते फार बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. वरून पाणी आलंच नाही. खालचे दोन थर जमिनीच्या ओलीनं गेले आणि वरचा थर गाठींच्याच वाफेनं गेला. दुप्पट पैसे टाकून दुप्पट जाड ताडपत्री आणली आणि तशीच जमिनीपर्यंत आवळून बांधली तर येत्या गणपतीत परत हेच बघायला मिळेल, म्हणून मी ताडपत्रीवर सगळ्यात शेवटी येतो.

मी २२ वर्षं मुळशीत, पौडच्या अलीकडं म्हशींचा गोठा चालवतोय. कडबा शिरूर-दौंड भागातून येतो, पेंढा भोरकडून आणि आसपासच्या गावातून, आणि पत्र्याचं शेड झालं त्याच्या आधीची १३-१४ वर्षं सगळी वैरण उघड्यावरच रचत होतो. आताही शेडमध्ये मावत नाही ते बाहेरच असतं. त्यामुळं खाली जे लिहितोय ते करून बघितलेलं आहे, पण माझ्या जागेवरचं आहे हे लक्षात ठेवून वाचा.

कारण यात बरंच काही जागेवर ठरतं. पुणे जिल्हा एकच असला तरी पाऊस एक नाही. इंदापूर-दौंडकडं वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पुणे शहरात ७०० च्या पुढं-मागं, आणि आमच्याकडं मुळशी-मावळात जसजसं घाटाकडं सरकाल तसा तो काही हजारांत जातो. बारामतीचा माणूस कडब्याची वळई रचतो, वर उसाचं पाचट टाकतो आणि निवांत असतो, त्याचं चुकत नाही, त्याच्याकडं दोन पावसांच्या मध्ये ऊन पडतं आणि वळई सुकते. मावळात आर्द्रा लागल्यापासून आश्लेषापर्यंत दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही, भिजलेलं सुकायला वावच नाही. त्यामुळं त्याची पद्धत बघून आपण करायला गेलो की फसतो. दुसरी गोष्ट गाठी कशाच्या आहेत. गव्हाचं काड मार्च-एप्रिलच्या उन्हात बांधलेलं असतं, खडखडीत असतं. भाताचा पेंढा काढणीनंतर दंवाच्या दिवसांत बांधला जातो, बेलरवाला, म्हणजे गाठी बांधायचं यंत्र चालवणारा, सकाळी आठलाच आला आणि दंव न उतरताच गाठी बांधल्या तर त्या जन्मतःच ओल्या. तिसरं म्हणजे गाठ किती घट्ट आहे. घट्ट गाठ वाहतुकीला चांगली, पण तिच्यातली ओल बाहेर पडायला वाट नसते.

आता एक फरक सांगतो जो माझ्या लक्षात यायला दोन पावसाळे गेले. माझे वडील पेंढ्याची उडवी रचायचे, वर एक कागद नाही की काही नाही, आणि चार महिने धो-धो पाऊस पडून आत हात घातला तर पेंढा पिवळाधमक निघायचा. मग गाठी का नासतात? उडवीत प्रत्येक पेंढीचं बूड बाहेर आणि बाहेरच्या बाजूला उतरतं असतं, म्हणजे ती उडवी स्वतःच शाकारलेलं छप्पर असते, पाणी काडीवरून काडीवर घसरत खाली जातं. बेलर काडी मोडतो, दाबतो, उलटीसुलटी करतो. गाठीत एकही काडी सरळ उतारावर नसते, त्यामुळं गाठीवर पडलेलं पाणी घसरत नाही, दिव्याच्या वातीनं तेल ओढावं तसं ती आत ओढून घेते. गाठीला पाणी निथळायची अक्कल नाही म्हणून छपराची सगळी अक्कल आपल्याला बाहेरून पुरवावी लागते. तळ, आकार, छप्पर, या क्रमानं पैसा आणि मेहनत घाला.

तळाचं आधी. जागा निवडताना गोठ्याच्या सोयीची म्हणून खोलगट जागा घेऊ नका, आजूबाजूपेक्षा वीतभर तरी उंच हवी. झाडाखाली तर अजिबात नको. आडोसा मिळेल असं वाटतं, पण पाऊस थांबला तरी झाड तासभर ठिबकत राहतं, ऊन पडलं तरी सावलीत सुकत नाही, आणि वादळात फांदी पडून ताडपत्री फाटते ते वेगळंच. विजेच्या तारांखालीही नको. गोठ्याला आणि घराला चिकटूनही नको, का ते पुढं आगीच्या मुद्द्यात येईल.

जागेवर सहा इंच मुरूम टाकून चोपून घ्या, मध्ये किंचित उंच आणि कडेला उतार. त्याच्यावर गाठी थेट ठेवायच्या नाहीत, खालून हवा फिरेल असं काहीतरी पाहिजे. मी लाकडी पॅलेट वापरतो. चाकण, रांजणगाव, तळेगावच्या कंपन्यांमधून निघालेली जुनी पॅलेट भंगारवाल्यांकडं मिळतात, एक-दोन फळ्या मोडलेली स्वस्तात देतात, ती चालतात. फक्त त्यावर ऑइल किंवा केमिकल सांडलेलं नाही ना ते नाकानं हुंगून घ्या, शेवटी जनावराचं खाणं आहे. पॅलेट नसतील तर जुने टायर आडवे टाकून त्यावर बांबू, किंवा दगडाच्या ओळी आणि त्यावर बाभळीचे, निलगिरीचे वासे. पूर्वी तुरीच्या तुराट्यांचा फूटभर थर द्यायचे, तोही चांगला, फक्त दरवर्षी नवा घालावा लागतो. जमिनीपासून चार ते सहा इंच पोकळी राहिली पाहिजे एवढंच बघा.

प्लास्टिक कागद अंथरू का म्हणून विचारलंत. थेट गाठींखाली नको. लोकांना वाटतं कागदामुळं ओल वर येणार नाही, ते खरं आहे, पण वरून किंवा बाजूनं जे थोडं पाणी आत येतं ते त्या कागदावर ताटात साठावं तसं साठतं आणि खालची गाठ महिनाभर त्यात बसते. माझा एका वर्षी पूर्ण खालचा थर असाच गेला, ३६ गाठी, उचलायला गेलो तर सुतळी कुजून हातात आली आणि गाठ जागेवरच पसरली, खाली कागदावर चहासारखं तपकिरी पाणी. कागद टाकायचाच असेल तर मुरमावर टाका, उतार ठेवून, आणि पॅलेट त्याच्या वर. मग तो उपयोगी आहे.

तळाभोवती चर खणा, हातभर रुंद, फूटभर खोल, आणि त्याला उताराच्या बाजूला वाट काढून द्या. याचा हिशोब करून दाखवतो म्हणजे चर किती गरजेचा ते कळेल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्या रचलेल्या गंजीचं छप्पर वळचण धरून साधारण ११ बाय २२ फूट, म्हणजे साडेबावीस चौरस मीटर जागा झाकेल. मावळात दिवसाला १०० मिलिमीटर काही नवलाचा नाही. म्हणजे एका दिवसात सव्वादोन हजार लिटर, २०० लिटरचे ११ बॅरल, तुमच्या ताडपत्रीवरून घसरून गाठींच्या बुडाशी ओतले जाणार. ताडपत्री जेवढी चांगली तेवढं हे पाणी नेमकं बुडाशी पडणार. ते चरातच पडलं पाहिजे, आणि चरातून लांब गेलं पाहिजे. चराच्या आणि गाठींच्या मध्ये खडी किंवा मोठा मुरूम पसरा, नाहीतर पागोळ्यांनी चिखल उडून खालचा थर बाहेरून भिजतो.

आता रचणं. तुमच्या गाठी साधारण तीन फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच असतील असं धरतो, मोजून घ्या आणि आकडे त्याप्रमाणं बदला. ९ फूट रुंद आणि १८ फूट लांब असा तळ धरला तर एका थरात ३६ गाठी बसतात. पहिल्या थरात गाठीची लांबी गंजीच्या रुंदीच्या दिशेनं, म्हणजे रुंदीत तीन गाठी, दुसऱ्या थरात त्या फिरवून आडव्या, तिसरा परत पहिल्यासारखा. गवंडी विटा बांधताना सांधा जसा मोडतो तसा सांधा मोडायचा, एकावर एक सरळ सांधे आले तर गंज फुगते आणि एका बाजूला कलते. खालच्या थरात गाठ अशी ठेवा की सुतळी खाली जमिनीकडं येणार नाही, कुशीला राहील. असे सहा थर, २१६ गाठी झाल्या. सातवा थर दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट आत घ्या, २४ गाठी, आणि आठवा थर मधोमध एकच ओळ, १२ गाठी. झाल्या २५२. वरचे दोन थर असे आत घेतले की घराच्या पाख्यासारखा दोन्ही बाजूंना उतार तयार होतो. सपाट माथा ठेवला तर ताडपत्रीवर डबकं साचतं, डबक्याच्या वजनानं तिथं खड्डा पडतो, खड्ड्यात अजून पाणी, आणि एक दिवस नेमकी तिथंच ताडपत्री झिरपायला लागते. मागच्या वर्षी तुमचा माथा सपाट होता का ते तुम्ही लिहिलं नाही, बहुतेकांचा असतो.

दिशा कुठली हा वाद आमच्याकडं पण होतो. काहीजण दक्षिणोत्तर रचतात म्हणजे दोन्ही बाजूंना ऊन लागतं. ते कोरड्या भागाला ठीक. आपल्याकडं मोसमी पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळं मी लांबी पूर्व-पश्चिम ठेवतो म्हणजे पश्चिमेला नऊ फुटांची अरुंद बाजूच तोंड देते, अठरा फुटांची नाही.

गव्हाच्या काडाच्या गाठी वर आणि भाताच्या खाली असं करू नका, निम्म्या लांबीत गहू आणि निम्म्या लांबीत भात ठेवा, पूर्वेच्या टोकाकडून काढत जायचं आणि पश्चिमेचं टोक शेवटपर्यंत बंद ठेवायचं. पावसाळ्यात जी आधी लागणार ती पूर्वेला. मध्येच कुठून तरी गाठ ओढली की छपराचा उतार मोडतो.

आता वाफेचं, जे तुमच्या वरच्या थराचं झालं. गाठ वाळलेली दिसली तरी तिच्यात ओल असतेच, शंभर किलोत १२-१५ किलो पाणी सहज असतं. जून महिन्यात मध्येच ऊन पडलं की ताडपत्री तापते, गाठीतली ओल वाफ होऊन वर येते, रात्री ताडपत्री गार पडते आणि तिच्या आतल्या बाजूला थेंब धरतात. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर जसं पाणी गळतं तसं ते वरच्या थरावर गळतं. रोज थोडं थोडं, दोन-अडीच महिने. तुम्ही खालून घट्ट बांधल्यामुळं त्या वाफेला जायला जागाच नव्हती. सकाळी सहाला ताडपत्रीच्या आत हात फिरवून बघा एकदा, तळवा ओला होतो, तेव्हा पटतं.

म्हणून ताडपत्री गाठींना चिकटू द्यायची नाही. वरच्या ओळीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये अशा तीन ठिकाणी बांबूची कैची, म्हणजे दोन तिरके बांबू वर एकमेकांत फुली करून, बांधा, तिच्यावर लांब बांबूचं आढं टाका, आठव्या थरापासून वीतभर उंच. त्या आढ्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना सोडायची. पाख्यावर, गाठींच्या पायऱ्या झाल्यात तिथं सुटा पेंढा किंवा पाचट हातभर जाड पसरा, उतारावर काड्या सरळ राहतील असं. हा थर थेंब शोषून घेतो आणि पायऱ्यांच्या कडांनी ताडपत्री फाटत नाही, दरवर्षी हा थर फेकायचाच आहे असं समजून घाला. दोन्ही टोकांना आढ्याखालचा त्रिकोण उघडा ठेवायचा, पूर्वेचा पूर्ण उघडा, पश्चिमेच्या बाजूला झड येते म्हणून तिथं शेडनेट, म्हणजे सावलीसाठी लावतात ती जाळी, दुहेरी करून लावा, वारा जातो आणि पाण्याचा जोर मोडतो.

बाजूंना ताडपत्री जमिनीपासून दीड फूट वर थांबली पाहिजे. हे सांगितलं की लोक घाबरतात, खालचा थर भिजेल म्हणतात. बाहेरून दोन-चार बोटं ओला होईल कधीतरी, आणि वाऱ्यानं सुकेल. जमिनीपर्यंत ओढलेल्या ताडपत्रीच्या आत जी कोंदट ओल राहते ती पूर्ण थर नेते. ताडपत्रीच्या खालच्या काठाला बांबू गुंडाळून बांधा आणि उभ्या बांबूंनी तो काठ गाठींपासून वीतभर बाहेर धरा, म्हणजे पागोळ्या चरावर पडतील आणि आत हवा राहील. एवढं सगळं धरून तुम्हाला साधारण २४ बाय २४ फुटांची एकच ताडपत्री लागेल. दोन लहान जोडायच्या असतील तर जोड आढ्यावर कधीच आणू नका, तो आडवा येऊ दे, आणि पश्चिमेकडची पूर्वेकडच्यावर दोन-तीन फूट चढली पाहिजे, कौलं चढवतो तशी.

आता कुठली घ्यायची. बाजारात ती जीएसएमवर मिळते, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. पातळ निळी साधारण ७० ते ९० ची असते, ती धान्य वाळवायला ठीक, पावसाळाभर उन्हावाऱ्यात ठेवायला नाही. मी २०० च्या खाली घेत नाही, तुमच्याकडचा वारा बघता २५० घेतली तर तीन-चार पावसाळे जावेत. उन्हानं न कुजणारी, यूव्ही केलेली आहे का ते दुकानदाराला विचारा आणि शक्यतो बाहेरून पांढरी किंवा चंदेरी घ्या, काळीपेक्षा कमी तापते आणि कमी तापली की वाफ कमी. कडांच्या आत दोरी घालून शिवलेली आहे का आणि पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या कड्या तीन-तीन फुटांवर आहेत का ते दुकानातच उलगडून बघा.

बांधण्याबद्दल मला मोठी किंमत मोजून शिकायला लागलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, रायगडच्या किनाऱ्यावर धडकून आमच्या मुळशी-मावळावरून पुढं जुन्नर-खेडकडं गेलं. माझी ताडपत्री नवीन होती, २५० ची, आणि मी ती चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून कड्यांतून नायलॉन दोरीनं आवळून बांधलेली. दुपारी वारा वाढला तसं ती आतून फुगायला लागली, मी आणि माझा भाऊ दोघं दोरी धरून उभे होतो आणि डोळ्यांदेखत एकामागोमाग एक कड्या उपटून निघाल्या, ताडपत्री वर उठली आणि बाजूच्या शेतात बाभळीवर जाऊन अडकली. मग संध्याकाळपर्यंत पाऊस. वरचे तीन थर गेले. ताडपत्री मजबूत होती, कड्या तेवढ्या नव्हत्या, सगळा जोर बारा-पंधरा भोकांवर आलेला.

तेव्हापासून मी कड्यांवर भरवसा ठेवत नाही. कोपऱ्यात आणि कडेला ताडपत्रीत लिंबाएवढा गोल गोटा धरून, बाहेरून त्याच्या गळ्याशी दोरी आवळतो, ती गाठ निघत नाही आणि कापड फाटत नाही. शिवाय खताच्या रिकाम्या गोण्यांत १५-२० किलो वाळू भरून, दोन-दोन गोण्या दोरीनं जोडून, बैलाच्या पाठीवर ओझं टाकतात तशा आढ्यावरून दोन्ही बाजूंना लोंबत सोडतो, दर तीन फुटांवर एक जोडी. नुसते दगड लोंबवू नका, वाऱ्यानं घासून घासून ताडपत्रीला भोक पाडतात. आणि सगळ्यावरून जुनी शेडनेट ताणून बांधतो. ही शेडनेट मला सगळ्यात जास्त कामाची वाटली, वारा ताडपत्रीला फडफडवू शकत नाही, आणि ताडपत्री फाटते ती बहुतेक वेळा फडफडून फडफडूनच. वर ऊनही कमी लागतं. पॉलिहाऊसवाल्यांकडं जुनी शेडनेट मिळते, विचारून बघा.

रचण्याच्या आधी मात्र गाठी कोरड्या आहेत का हे तपासा, कारण ओली गाठ कितीही छान झाकली तरी ती आतूनच नासणार. चार-पाच गाठींतून मूठभर पेंढा मधूनच उपसून पिळून बघा. काड्या कट्कन मोडल्या तर ठीक. पिळल्यावर वाकल्या आणि परत उलगडल्या, हाताला गार लागल्या, तर अजून उन्हात पाहिजेत. ओलीचं मीटर असेल कुणाकडं तर १८ टक्क्यांच्या खाली पाहिजे, घट्ट गाठ असेल तर १५ पर्यंत. पेंढ्याच्या गाठी कुशीवर उभ्या करून, मध्ये हात जाईल एवढं अंतर ठेवून दोन-तीन दिवस उन्हात ठेवल्या की बराच फरक पडतो. यात उशीर करू नका, मृगाची वाट बघत बसायचे दिवस राहिले नाहीत. २०२५ ला मोसमी पाऊस २६ मे लाच मुंबई-पुण्यात आला आणि आमच्याकडं कितीतरी लोकांच्या गाठी शेतातच होत्या. मी आता आखितीपर्यंत तळ तयार ठेवतो आणि १० मे च्या आत झाकून मोकळा होतो, वळवानंही नुकसान होत नाही.

आगीचं सांगायचं राहिलं. ओली वैरण दाबून रचली की आत बुरशी आणि जीवाणू वाढतात, उष्णता तयार होते, आणि ती बाहेर पडायला वाट नसली की वाढत जाते. हिरवट गवताच्या गाठींना धोका जास्त, गव्हाच्या वाळलेल्या काडाला खूप कमी, भाताचा पेंढा मधला. रचल्यापासून पहिले दीड महिना लक्ष ठेवायचं. मी पाच-सहा फुटांची लोखंडी सळई गाठींच्या सांध्यातून पार मधोमध घालून ठेवतो, वीस मिनिटांनी काढून आतलं टोक मुठीत धरायचं. कोमट लागलं तर काळजी नाही. चटका बसून धरवत नसेल तर आत ६० अंशांच्या पुढं गेलंय, लगेच तिथल्या गाठी बाहेर काढून मोकळ्या करा. आणि जळका, गुळाच्या काकवीसारखा वास येत असेल, वाफ दिसत असेल, तर स्वतः उपसायला जाऊ नका, आत हवा शिरली की भडका होतो, आधी १०१ ला फोन करा, गुरं लांब बांधा, मग पुढचं. म्हणूनच वर म्हटलं की गंज गोठ्याला चिकटून नको, ५० फूट तरी लांब ठेवा.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा फेरी मारा. जोराचा पाऊस चालू असतानाच जा, इरलं किंवा रेनकोट घालून. पाणी कुठून पळतंय, कुठं साचतंय, पागोळी चराच्या बाहेर पडतेय की आत, हे पाऊस थांबल्यावर दिसत नाही. आठवडाभरानं चर पालापाचोळ्यानं बुजतो तो मोकळा करा. आणि गाठ काढताना खालच्या पोकळीत किंवा सांध्यात थेट हात घालू नका. उंदीर येतात, उंदरामागं साप येतो, आमच्याकडं दोनदा घोणस निघालीय, एकदा तर मी धरलेल्या गाठीच्या मागंच वेटोळं घालून होती. आधी काठीनं आपटायचं, मग लोखंडी आकड्यानं गाठ ओढायची, पायात बूट पाहिजेत.

मागच्या वर्षीच्या बुरशी आलेल्या गाठी अजून शिल्लक आहेत का, असतील तर त्या म्हशींना घालू नका. उन्हात वाळवून घातल्या तर चालेल असं कुणीतरी सांगतं, पण वाळवून बुरशीची वाढ फक्त थांबते, तिनं सोडलेलं विष तसंच राहतं. ते दुधात उतरतं, आणि गाभण म्हैस असेल तर गाभ टाकण्यापर्यंत जातं. ज्या गाठीचा कोपराच फक्त काळा आहे तिचा काळा भाग आणि त्याच्या आसपासचा वीतभर चांगला दिसणारा भागही काढून टाका, मग उरलेला द्या. उकलताना तोंडाला रुमाल बांधा, ती पांढरी धूळ छातीत जाते, माझ्या भावाला दोन वर्षं खोकला होता त्यातनं. नासलेल्या गाठी उकिरड्यात किंवा आंब्याच्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला, तिथं त्या कामी येतात.

यंदा पैसा मोजकाच असेल तर तो आधी मुरूम, पॅलेट आणि चरात घाला, चर तर घरच्या घरी दोघं एका दिवसात खणतात. मग बांबू आणि जुनी शेडनेट. उरलेल्या पैशात जमेल तेवढी चांगली ताडपत्री, एखाद्या वेळी २०० चीच घ्यावी लागली तरी हरकत नाही, तळ आणि उतार बरोबर असेल तर ती दोन पावसाळे आरामात काढते.

तुमच्या जागेचा उतार नेमका कुठल्या दिशेला आहे आणि पश्चिमेला काही आडोसा आहे का, घर, बांध, गंजीपासून लांब एखादी झाडांची रांग, एवढं कळवा. पश्चिमेला भिंत असेल तर शेडनेटचा खर्च निम्मा वाचेल, आणि उतारच पश्चिमेकडून गंजीकडं येत असेल तर साध्या चरानं भागणार नाही, वरच्या अंगाला आधी एक बांध घालून पाणी वळवावं लागेल.